पाठीवरचा कोरा चौकोन

ते पत्र डॉक्टरांनी चार वेळा वाचलं होतं आणि चारही वेळा ते उत्तर लिहायला बसले होते.

रेघी कागद, निळी शाई, शाळा अर्ध्यात सुटलेल्या पण नेटक्या माणसाचं अक्षर.

‘डॉक्टरसाहेब, तुमचं कातडीच्या रोगांचं पुस्तक इथल्या कपाटात सापडलं. त्यात सिमेंटवाल्यांचे हात आहेत, रंगाऱ्यांचे आहेत. आमच्यासारख्या म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायकांचं काही नाही, म्हणून विचारते. माझ्याकडच्या आजींना झटका येऊन गेला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं, फक्त “नको” एवढा एक शब्द राहिला. दीड महिन्यापासून त्यांची पाठ आणि मांड्यांची मागची बाजू लाल होते, फोड येतात, पाणी सुटतं. घरचे म्हणतात, मी अंघोळीचं पाणी कडक घालते. मी कोपर बुडवून बघितल्याशिवाय तांब्या उचलत नाही. बाकी आजींची आबाळ नाही. जावई फर्निचरवाले, त्यांनी सासूसाठी आरामखुर्ची दिली, दर पंधरा दिवसांनी तिला नवं कव्हर करून आणतात. मीही थंडी म्हणून खुर्ची आधी गरम पाण्याच्या रबरी पिशवीने शेकून ठेवते, मगच त्यांना बसवते. आता माझ्याही हातांना कोपरापर्यंत खाज सुटली आहे. माझ्या हातून काय चुकतंय, तेवढं कळवा.’

पहिल्या उत्तरात डॉक्टरांनी तीन शक्यता लिहिल्या, दुसऱ्यात सहा. तिसऱ्यात एक संदर्भ आठवेना, म्हणून ग्रंथालयात जायचं ठरलं आणि गुडघा दुखला. चौथ्या कागदावर ‘बहुतेक’ हा शब्द सात वेळा आला होता. तो त्यांनी स्वतःच मोजला आणि कागद फाडला. इस्पितळात त्यांचं टोपणनावच ‘बहुतेक’ होतं. चाळीस वर्षं कातडी तपासली, पण छातीठोकपणे रोगाचं नाव घेतलं असं कधी झालं नाही. पत्र टेबलाच्या खणात गेलं. रोज खण उघडताना ते दिसे, आणि रोज त्यांना वाटे, आता इतक्या उशिरा काय लिहायचं?

सात आठवड्यांनी, सकाळी चहा पुढ्यात असताना फोन वाजला. त्यांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, उचलला.

“पोलीस आहेत,” ती म्हणाली. “तुझ्यासारख्याने काय केलं असेल, हेच मला कळत नाही.”

फोनवर इन्स्पेक्टर बाई होत्या. आवाज कोरडा, घाईचा.

“डॉक्टर, एक म्हातारी गेली. पाठ भाजलेली, त्यात पू, तो रक्तात भिनला. सांभाळणारी मावशी आमच्या ताब्यात आहे. ती म्हणते, मी कातडीच्या डॉक्टरांना पत्र लिहिलं होतं. आलं होतं?”

डॉक्टरांनी कप बशीवर ठेवला.

“बहुतेक.”

“पत्र बहुतेक येत नसतं, डॉक्टर. येतं किंवा येत नाही.”

“आलं होतं.”

“उत्तर दिलंत?”

ताई त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मान हलवली. फोनवर मान हलवून दिसत नाही, हे लक्षात यायलाही त्यांना वेळ लागला.

“नाही,” ते म्हणाले.

“मग या इकडे. पत्र घेऊन या. सोमवारी तिला कोर्टात उभं करायचंय. तिच्या बाजूने एक ओळ असेल तर ती सोमवारच्या आत हवी.”

फोन ठेवल्यावर ताईने चहा त्यांच्यापुढून उचलला.

“गार झाला,” ती म्हणाली. “तुझी उत्तरं आणि माझं लग्न. होणार होणार म्हणत दोन्ही राहिली.”

*

इन्स्पेक्टर बाईंच्या टेबलावर तीन वस्तू होत्या: लाल रबरी पिशवी, एक शंभर पानी वही आणि फोटोंचं पाकीट.

“ही पिशवी,” त्या म्हणाल्या. “उकळतं पाणी भरून म्हातारीच्या पाठीला लावायची, असं जावयाचं म्हणणं. आणि ही वही. रोज भाजायची आणि रोज लिहून ठेवायची. इतकं थंड डोकं मी पाहिलं नाही.”

“तिने कबूल केलं?”

“ती एकच विचारते. माझं काय चुकलं? दहा दिवस झाले, दुसरं वाक्य नाही.”

डॉक्टरांनी फोटो काढले. पहिलाच जवळ धरला. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. पाठ खांद्यापासून खाली सोललेली होती. पण कमरेच्या जरा वर, बरोबर मधोमध, हाताच्या पंजाएवढा एक चौकोन होता. तिथली कातडी म्हाताऱ्या माणसाची असते तशी होती: सुरकुतलेली, फिकट, शाबूत.

“इथे काय होतं?” त्यांनी विचारलं.

“कुठे?”

“हा कोरा चौकोन. इथे काहीतरी मध्ये होतं. जाड.”

इन्स्पेक्टर बाईंनी फोटो जवळ घेतला. “उशी असेल. त्या घरात खुर्चीवर एक छोटी उशी आहे. कमरेमागे ठेवायच्या.”

“म्हणजे अंघोळीच्या वेळी नाही ठेवायच्या.”

त्यांनी पुढचा फोटो काढला.

“आणि पावलं,” डॉक्टर चाचरत म्हणाले, “टाचा स्वच्छ आहेत. पाणी अंगावर ओतलं की खाली पायांशी साचतं. कडक पाण्याने आधी पाय भाजले असते. अर्थात, माझं चुकतही असेल.”

“पाणी नाही, तर पिशवी.”

“रबराची पिशवी अशी खांद्यापासून मांड्यांपर्यंत, उशी तेवढी सोडून?” त्यांनी वही उघडली.

मावशीने पानापानावर दोन रकाने पाडले होते. एकाच्या डोक्यावर ‘पाठ’, दुसऱ्याच्या ‘मांड्या’. खाली तारखा. लाल, फोड, पाणी, लाल, फोड. अधूनमधून एखादी ओळ. ‘आज खुर्चीला निळं कव्हर आलं.’ ‘आज खुर्चीत बसवताना आठ वेळा नको म्हणाल्या. सगळे हसले.’ ‘मरून कव्हर आलं. शेवटचं म्हणतात जावई.’

मरून कव्हराच्या तारखेनंतर डॉक्टरांचं बोट थांबलं. मांड्यांचा रकाना बदलला होता. ‘कमी. कमी. खपली. बरं.’ पाठीचा रकाना मात्र तसाच: फोड, पाणी, वास.

“हे बघा,” ते म्हणाले. “मरून कव्हर आल्यावर मांड्या बऱ्या झाल्या. पाठ नाही. कुठली बाई अंघोळ घालताना एकाएकी मांड्यांना माफ करेल?”

“खुर्ची आम्ही तपासली. शिवण उसवून. आत लाकूड, स्प्रिंगा, स्पंज. दुसरं काही नाही.”

“कव्हर कुठल्या रंगाचं होतं?”

“हिरवं.”

डॉक्टरांनी वही फिरवून त्यांच्यापुढे सरकवली. शेवटच्या पानापर्यंत हिरवा शब्द कुठेच नव्हता.

*

कव्हरं शिवणारा कारागीर फर्निचरच्या दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत बसे. तिथे काथ्या, सरस आणि रेक्झिनचा वास भरून राहिला होता. त्याच्या दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या.

“हाताला काय झालं?” इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

“सरस उतलाय अंगावर, फोड आलेत. होतं आमच्या धंद्यात.”

डॉक्टर पुढे झाले. अनोळखी माणसाशी बोलताना त्यांची जीभ टाळूला चिकटे, पण अनोळखी हात पाहिला की सुटे. “चिंधी सोडा जरा. किती वर्षं सरस वापरता?”

“तीस.”

“आणि तो उतला कधी?”

कारागिराने चिंधी सोडली. बोटांच्या चिमटीतली कातडी फाटून तिला भेगा पडल्या होत्या. तळहात मात्र बरा होता.

“सरस तळहाताला लागतो,” डॉक्टर म्हणाले. “तुम्ही काहीतरी चिमटीत धरत होतात. छोटं, पुष्कळ वेळा.”

“पुड्या,” कारागीर हळूच म्हणाला.

“कसल्या?”

“खुर्च्यांमधल्या. त्या बाहेरून बोटीने येतात. ओलीत बुरशी लागू नये म्हणून आत कागदी पुड्या टाकतात, पांढऱ्या भुकटीच्या. यंदाच्या मालात होत्या. तीन गिऱ्हाइकांनी खुर्च्या परत केल्या, अंग खाजतं म्हणून. त्यातलीच एक मालकांनी सासूबाईंकडे दिली.”

“परत आलेली?” इन्स्पेक्टर बाईंचा आवाज खाली गेला.

“मला वाटलं, दुरुस्त करून देतायत.”

“काय काय दुरुस्त केलंत? क्रमाने सांगा.”

“पहिल्यांदा नुसतं कव्हर बदललं. पंधरा दिवसांनी कव्हर आणि आतलं अस्तर. मग पंधरा दिवसांनी स्पंज. चौथ्यांदा म्हणाले, बसायच्या भागातल्या पुड्या काढ, पाठीतल्या राहू दे.”

“राहू दे? का?”

“मीही तेच विचारलं. म्हणाले, तुला शिवायचे मिळतात की विचारायचे?”

“पाचव्यांदा?”

“पाचव्यांदा ती खुर्ची आलीच नाही. त्याऐवजी गोदामातल्या साठ खुर्च्या उसवायला लावल्या. सगळ्या पुड्या काढल्या, त्यात हात गेले हे.” त्याने चिंध्यांकडे पाहिलं. “सासूबाई गेल्या त्या दिवशी मात्र सांगितलं, मरून खुर्ची फोडून जाळ, आणि हिरवी घरी पोचव.”

“जाळलीत?”

“लाकूड जाळलं. पाठीचा भाग ठेवलाय. चांगला स्पंज होता, जाळायला हात धजेना. पुड्यांचं पोतंही आहे. नाल्यात टाक म्हणाले होते. गुरं पाणी पितात तिथे, मी नाही टाकलं.”

मरून पाठ कोपऱ्यात, प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी होती. आत, शिवणीलगत, आठ पुड्या होत्या.

*

प्रयोगशाळेने पुडीचं नाव कळवलं: डायमिथाइल फ्युमरेट. डॉक्टरांनी ते एकदाच, परदेशी मासिकात वाचलं होतं. मावशीचे हात खाजतात ते यानेच का, हे बघायला त्याचा अगदी पातळ केलेला थेंब आणि मरून कव्हराचा तुकडा तुरुंगाच्या दवाखान्यात तिच्या पाठीवर पट्टीखाली दोन दिवस ठेवायला त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. स्वतः गेले नाहीत. तिला तोंड दाखवायचं धाडस त्यांच्याने झालं नाही. पट्टी काढली तेव्हा दोन्ही जागा लाल होऊन फुगल्या होत्या. शेजारी लावलेल्या साध्या कापडाच्या तुकड्याखालची जागा कोरी निघाली.

“एवढं पुरे,” ते म्हणाले.

“मावशीला सोडवायला पुरे,” इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. “त्याला अडकवायला नाही. तो म्हणेल, कारागिराने परस्पर केलं, मला पुड्यांचं काय ठाऊक? त्याला ठाऊक होतं, हे त्याच्याच तोंडून पाहिजे.”

डॉक्टरांनी वही मिटली. मग खाली बघत म्हणाले, “एक खुर्ची मिळेल का? दुसऱ्या कुठल्याही दुकानातून. चांगली. फक्त रंग मरून पाहिजे.”

रविवारी सकाळी ती खुर्ची आजींच्या दिवाणखान्यात ठेवली गेली. डॉक्टरांनी स्वतः रबरी पिशवी भरली आणि पाठीवर टेकवून ठेवली. जावई आला तो इस्त्रीच्या शर्टात, बायकोचा हात धरून. खुर्ची दिसताच त्याचं पाऊल दारात अडखळलं.

“ही कुठून आली?”

“तुमच्या कारागिराकडून काही सामान मिळालं,” इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या. “बसा ना.”

जावई खिडकीशी उभा राहिला. त्याची बायको, आजींची मुलगी, रात्रंदिवस रडून सुजलेल्या डोळ्यांची, समोर दिसेल तिथे बसली. मरून खुर्चीत. पाठ टेकली, डोळे मिटले.

“उबदार आहे,” ती पुटपुटली. “आई इथेच बसायची.”

डॉक्टर खुर्चीकडे बघत नव्हते. ते जावयाकडे बघत होते. जावयाच्या कपाळावर घाम आला. पण तोंड उघडलं नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. भिंतीवरचं घड्याळ तेवढं वाजत होतं.

“तुम्ही जरा उठता?” डॉक्टर मुलीला म्हणाले. “आता त्यांना बसू द्या.”

मुलगी उठली. जावई हलला नाही.

“बसा,” इन्स्पेक्टर बाई म्हणाल्या.

“ठीक आहे मी असा.”

“पाचच मिनिटं.”

“नको.”

“कोपऱ्यावर तरी टेका.”

“नको म्हणतो ना!”

मुलीने मान वळवली. नवऱ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा नवऱ्याकडे.

“मी बसले तेव्हा,” ती सावकाश म्हणाली, “तू काहीच बोलला नाहीस.”

“घाबरू नका,” डॉक्टर घाईने म्हणाले. “ही साधी खुर्ची आहे. दुसऱ्या दुकानातली. तिच्यात काही नाही. ते फक्त यांना माहीत नव्हतं.”

मग ते बोलू लागले. आवाज कापत होता, पण थांबला नाही.

“आजींची पाठ पाण्याने भाजली नव्हती. खुर्चीत बुरशी मारायचं विष होतं. अंगाच्या उबेने त्याची वाफ होते, ती कव्हरातून आणि लुगड्यातून येऊन कातडी जाळते. जिथे उशी होती तिथे ती पोचली नाही, म्हणून तो चौकोन कोरा राहिला. तीन खुर्च्या परत आल्या तेव्हाच यांना कळलं की माल अंगाला बाधतो. कशाने बाधतो, ते कळत नव्हतं. कापड, अस्तर, स्पंज की पुड्या? साठ खुर्च्या गोदामात होत्या. गिऱ्हाइकाला बसवून बघितलं तर तो बोंब मारेल. म्हणून बोलू न शकणारं माणूस शोधलं. दर पंधरा दिवसांनी एकेक गोष्ट बदलली आणि आजींची कातडी बघितली. शेवटी मांड्यांखालच्या पुड्या काढल्या, पाठीमागच्या ठेवल्या. मांड्या बऱ्या झाल्या, पाठ झाली नाही. उत्तर मिळालं.”

“मी रोज तिला भेटायला यायचो,” जावई म्हणाला. “विचारा हिला.”

“हो. रोज पाठ बघायला यायचात. मावशी वही तुम्हालाच दाखवायची. तुमच्या प्रयोगाची टिपणं ती बिचारी लिहीत होती, आणि तीच तुम्ही पुरावा म्हणून पोलिसांना दिलीत.”

“उत्तर मिळालं होतं ना?” मुलीचा आवाज ऐकू येईल न येईल असा होता. “मग पाठीतल्या का नाही काढल्या?”

शेवटी जावईच बोलला, जरा वैतागून, जणू क्षुल्लक गोष्टीसाठी कोणी खोळंबवून ठेवलं होतं.

“गोदामातल्या काढायची घाई होती. माल जायचा होता. तिची राहून गेली.”

“तीन आठवडे?”

“ती काही म्हणायची नाही.”

“ती नको म्हणायची!” मुलगी किंचाळली. “रोज म्हणायची! आणि आपण हसायचो!”

इन्स्पेक्टर बाईंनी दारातल्या शिपायाला खूण केली.

*

मावशी सोमवारी सुटली. इन्स्पेक्टर बाईंनी फोनवर तसं कळवलं, आणि तिचा पत्ताही दिला.

“कामावरून काढलं तिला,” त्या म्हणाल्या. “नाव छापून आलं होतं ना. सुटल्याचं कोण छापतंय? अजून तेच विचारते, डॉक्टर. माझं काय चुकलं? मी म्हटलं, काही नाही. पण माझ्यावर तिचा विश्वास दिसत नाही.”

डॉक्टर खण उघडून बसले. काही नाही, हे खरं नव्हतं. खुर्ची शेकल्याने वाफ दुप्पट झाली होती. तिने मायेने शेकली नसती, तर कदाचित आजी तग धरत्या. हे खटल्यात निघणार, कोणीतरी वकील ते तिच्या तोंडावर फेकणार. लिहावं की लिहू नये? त्यांनी कागद घेतला. ठेवला. पुन्हा घेतला.

‘तुमचं पत्र मला आठ आठवड्यांपूर्वी मिळालं. तुम्ही विचारलंत, तुमच्या हातून काय चुकतंय. पाण्याचं काही चुकत नव्हतं. खुर्ची शेकणं चुकत होतं. उबेने आतलं विष जास्त बाहेर येत होतं. ते तुम्हाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मला होतं. कव्हर, पिशवी, तुमच्या हातांची खाज, सगळं तुम्ही लिहिलं होतं. मी आठ दिवसांत “खुर्ची बदला” एवढे दोन शब्द पाठवले असते, तर आजी बहुतेक वाचल्या असत्या.’

त्यांनी वाचून पाहिलं. मग ‘बहुतेक’वर काट मारली, आणि ती दिसू नये म्हणून सगळं पत्र नव्या कागदावर उतरवून काढलं. खाली सही केली. त्याखाली लिहिलं: ‘हातांना लावायचं मलम वेगळ्या चिठ्ठीत लिहिलं आहे. साबण लावू नका.’

“किती पानं झाली?” ताईने दारातून विचारलं.

“एक.”

“दे इकडे. मी टाकते.”

“नको,” ते म्हणाले, आणि त्या शब्दाला स्वतःच दचकले. “मीच जातो.”

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी ते थोडा वेळ उभे राहिले. मागे एक बाई पाकीट घेऊन थांबली होती. “टाकताय ना, काका?” तिने विचारलं. त्यांनी पत्र फटीत सरकवलं. ते अडकलं. बोटाने ढकललं, तेव्हा आत पडल्याचा आवाज आला.

मग ते परत काढता येतं का, हे त्यांनी दोन बोटं आत घालून चाचपून पाहिलं. येत नव्हतं.